पाय पडण्याआधी

वाघजाईच्या पठारावर, लांब सरळ पट्ट्याच्या मध्यावर दमयंती सरनोबतच्या गाडीचं इंजिन सुरुंग फुटावा तसं फुटलं. आठांपैकी चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनला उष्णतेनं भोक पडलं, त्याखालचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि तुटलेलं टोक इंजिनाची भिंत फोडून बाहेर आलं. तेल लालभडक एक्झॉस्टवर सांडलं. बॉनेटच्या फटींतून धूर आला, धुरामागून ज्वाळा. दमयंतीनं गाडी कडेच्या वाळूत घातली आणि लाथेनं दार उघडून ती बाहेर पडली. तिचा डावा हातमोजा वितळून कातडीला चिकटला होता.

मागून रणधीर खर्डेकरची निळी गाडी आली. जळणाऱ्या गाडीच्या बाजूनं जाताना सगळे वेग कमी करतात. त्यानं वाढवला.

पेट्रोलच्या गाड्यांना रस्त्यावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. कोल्हापुरात ज्यांना त्या सोडवल्या नव्हत्या, ते रविवारी त्या ट्रेलरवर घालून पठारावर आणायचे. बंदिस्त ट्रॅकवर त्या चालवायला परवानगी होती. ही शर्यत नव्हती. झेंडा नाही, बक्षीस नाही. मागची गाडी वेगवान असेल तर पुढच्यानं हात दाखवायचा आणि वाट द्यायची, एवढाच शिरस्ता. रणधीर तो पाळत नसे. दमयंती मागे आली की तो मुद्दाम आडवा व्हायचा आणि तिला वळणाबाहेर वाळूत ढकलायचा. त्या दिवशीही त्यानं दोनदा तेच केलं होतं, आणि त्याला गाठायच्या हट्टानंच तिनं इंजिन सोसेल त्यापलीकडे पिळलं होतं.

हाताला मलम लावून ती गाडीपाशी बसली होती, तेव्हा रणधीर आला. रॉडचा तुटलेला तुकडा त्यानं ट्रॅकवरून उचलून आणला होता.

"वैनी, हे तुमचं पडलं होतं." तुकडा त्यानं तिच्यापुढं धरला आणि तिनं हात पुढं केल्यावर मागं घेतला. "न्हाई, ऱ्हाऊ दे. किल्लीला लावतो. गोड आठवण."

दमयंतीच्या उजव्या हातात मोठा पाना होता. तो पाना रणधीरच्या तोंडावर बसतोय, दात तुटून रक्तासकट त्याच्या शर्टावर पडतायत, हे तिला लख्ख दिसलं. खांद्यापर्यंत स्नायू ताठ झाले. मग तिनं श्वास सोडला आणि पाना खाली ठेवला.

"ने," ती म्हणाली. "माझ्याकडं अजून सात आहेत."

तिच्या वडिलांची शिरोलीला फाउंड्री होती. ती बंद पडल्यावर त्याच शेडमध्ये दमयंतीनं जुनी इंजिनं दुरुस्त करण्याचं काम सुरू केलं. तिच्याबरोबर लेथवर बाबालाल शिकलगार असायचा, तिच्यापेक्षा थोडा मोठा, बोलायला फटकळ. फुटलेलं इंजिन त्यानं टेबलावर उघडलं आणि भोक पडलेल्या पिस्टनमधून तिच्याकडं बघितलं.

"जास्त हवा मागितलीस," तो म्हणाला.

"अजून जास्त पायजे."

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या छातीवर बसवलेला भाता. इंजिनच आपल्या ताकदीनं पट्ट्यावर तो फिरवतं, आणि तो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं, ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना नळी हाताला चटका देते, तोच प्रकार. अशा तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपण भडकतं, आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात घण बसतो. याला नॉकिंग म्हणतात. दमयंतीच्या इंजिनाला त्यानंच मारलं होतं.

तिनं इंजिन पुन्हा बांधायला घेतलं. ओतीव पिस्टनांच्या जागी घडीव पिस्टन घातले. भात्याची पुली लहान केली, म्हणजे तो आणखी जोरात फिरेल. पेट्रोलच्या पिचकाऱ्या मोठ्या बसवल्या, आणि दाबलेल्या हवेवर पाणी आणि अल्कोहोलचा थंड फवारा मारायची सोय केली. अडचण या फवाऱ्याचीच होती. तो सतत मारला तर आगच विझते. पेडलवर पाय पडल्यावर सुरू केला तर पहिले काही ठोके कोरडे जातात, आणि एवढ्या दाबाखाली तेवढ्यातच पिस्टन मरतो.

"पाय पडायच्या आधीच इंजिनाला कळलं पायजे," ती जेवताना म्हणाली. "पाय पडणार आहे म्हणून."

समोर बसलेल्या निरंजनचा घास हातातच राहिला.

निरंजन कानिटकर तिचा नवरा. मूळचा सांगलीचा, मृदू बोलणारा. बारा वर्षांच्या संसारात त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. मिरजेच्या एका संशोधन केंद्रात तो हात तुटलेल्या माणसांसाठी यंत्राचे हात बनवायचा. त्याच्या हातांची ख्याती अशी, की ते वापरणाऱ्याला ते आपलेच वाटायचे. त्याचं कारण सोपं होतं. आपण हात हलवतो त्याच्या थोडं आधी मेंदूत एक लाट उठते, जणू मेंदू कंबर कसतो. आपल्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. निरंजननं डोक्यावर बसणाऱ्या पातळ जाळीतून ती लाट ओळखायची रीत शोधली होती. त्यामुळे त्याचे हात आज्ञा येण्याची वाट बघत नसत. आज्ञा येणार असं दिसलं की ते निघत.

"दमू," तो म्हणाला, "ते हेल्मेटमध्ये बसवता येईल."

कोल्हापुरातल्या बायकांच्या रीतीनं दमयंती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची. बारा वर्षांनंतरही निरंजनला त्याची गंमत वाटायची. "मग मी उद्यापासून डोकं घेऊन बसतो तुझ्यापुढं," ती म्हणाली, आणि तो खळखळून हसला.

उन्हाळा संपता संपता हेल्मेट तयार झालं. पठारावर पहिल्या फेरीतच इंजिन वेगळं बोललं. दमयंतीचा पाय हलायच्या आत फवारा सुटायचा, हवा थंड व्हायची, आणि पाय पडला की सातशे घोड्यांची ताकद एका दमात मागच्या चाकांवर यायची. नॉकिंगचा एक ठोका नाही. ती गाडी थांबवून उतरली तेव्हा हसत होती.

पण चार रविवार झाले तशी ती अस्वस्थ झाली. इंजिन तयार होऊन थांबलेलं तिला पेडलमधून कळायचं. आपला पायच आता सगळ्यात मंद आहे, असं तिला वाटायला लागलं.

"थ्रॉटलपण हेल्मेटला जोड," ती म्हणाली. "वेग द्यायला पायच नको."

निरंजननं चष्मा काढून पुसला. "तयारी करणं वेगळं आणि कृती करणं वेगळं. कधीकधी लाट उठते आणि विरून जाते. माणूस हलतच नाही. शेवटच्या क्षणी मेंदू तिला रद्द करतो."

"किती वेळा?"

"सांगता येत नाही. जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? पण मोठ्या लाटा रद्द होत नसाव्यात. मी फक्त मोठ्या लाटा पकडतो."

"तुझ्या यंत्राच्या हातांना तू थांबवतोस का?"

"नाही."

"मग मला कशाला थांबवतोस?"

खरं तर त्यालाही ते करून बघायचं होतं. त्यानं थ्रॉटल जोडलं.

पुढच्या रविवारी रणधीर पठारावर आला. त्याच्या किल्लीला खरंच तो रॉडचा तुकडा लोंबत होता. दमयंतीनं त्याला दुसऱ्याच फेरीत गाठलं. त्यानं वाट दिली नाही. सरळ पट्ट्यावर ती त्याच्या बाजूला आली, तसा तो तिच्या अंगावर आला. आरशाला आरसा घासून फुटला. ती मागं हटली. पुढं कातळाचं वळण होतं. उजवीकडं काळा कातळ, त्याच्यासमोर लोखंडी कठडा. वळणात शिरताना रणधीरनं काही कारण नसताना ब्रेक मारला. तिची गाडी त्याच्या मागच्या चाकापाशी येऊन अडकल्यासारखी झाली. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. वाट द्यायला नव्हे. बोटं हलवत त्यानं तिला चुचकारलं, कुत्र्याला चुचकारतात तसं.

दमयंतीच्या मनात एकच शब्द आला. घाल.

भात्याची किंकाळी तिनं ऐकली, मग धक्का जाणवला. तिचा पाय ब्रेकवर होता. तो ब्रेकवरच होता हे तिला पुढं जन्मभर आठवत राहिलं. गाडीचं नाक रणधीरच्या मागच्या चाकात घुसलं आणि निळी गाडी भोवऱ्यासारखी फिरली, कातळावर आपटली, तिथून उसळून छतावर पडली आणि घसरत कठड्यात शिरली. पत्रा फाटल्याचा आवाज लांबत गेला. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पेट्रोलचा भडका.

दमयंती धावली. रणधीर उलटा लोंबत होता, पट्ट्यात अडकलेला. तो ओरडत होता, पण तोंडात रक्त असल्यामुळं शब्द कळत नव्हते. तिनं खिडकीतून दोन्ही हात आत घातले. पट्ट्याची कडी तापून लाल झाली होती. तिची बोटं तिला चिकटली, तिनं ती ओढून सोडवली, पुन्हा घातली. रणधीरनं तिचं मनगट धरलं. त्याच्या तळहाताची साल तिच्या मनगटावर राहिली. तेवढ्यात बाबालाल आग विझवायचं नळकांडं घेऊन आला. त्यानं कमरेची सुरी काढून पट्टा कापला. दोघांनी मिळून रणधीरला ओढून बाहेर काढलं. त्याचे पाय गुडघ्यापासून उलटे वळले होते.

इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला.

त्याचे वडील, आप्पासाहेब खर्डेकर, एके काळचे पैलवान. शवागाराच्या व्हरांड्यात ते भिंतीला टेकून उभे होते. दमयंती दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळलेली तशीच त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. निरंजन तिला मागं ओढत होता.

"पोरी," आप्पासाहेब म्हणाले, "लोक म्हणत्यात तुझी गाडी बिघडली. मला तुझ्या तोंडनं सांग. मुद्दाम केलंस का?"

"मनात आलं होतं, आप्पा."

"काय?"

"त्याच्यावर गाडी घालावी असं मनात आलं होतं. मी केलं नसतं. पण आलं होतं."

म्हाताऱ्याचा हात तिच्या कानशिलात बसला. ती बाकावर आपटून खाली पडली, ओठ फुटला. कुणी त्यांना धरलं. धरायची गरज नव्हती. ते आपल्या हाताकडं बघत खाली बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. दमयंतीला जामीन मिळाला. तिनं जबाबात तेच सांगितलं जे आप्पासाहेबांना सांगितलं होतं. हेल्मेटनं असा विचार उचलला, जो तिनं पाव क्षणात पुसला असता.

आणि इथं घरात भिंत उभी राहिली.

"तसं होऊ शकत नाही," निरंजन म्हणाला. तो कितीतरी दिवस हेच म्हणत होता. "यंत्र फक्त मोठ्या लाटा घेतं. नुसती चीड तेवढी मोठी होत नाही. त्यासाठी ठरवावं लागतं."

"म्हणजे मी ठरवून मारलं."

"मी तसं म्हणत नाही."

"मग कसं म्हणतोस? निरंजन, एक तर तुझं यंत्र खोटं, न्हाईतर मी खुनी. तिसरं काय हाय?"

मिरजेत त्याच्या हातांवर जगणारी माणसं होती. एक बाई त्या हातानं भाकऱ्या थापत होती. हेल्मेट सदोष ठरलं तर ते हातही काढून घेतले जाणार होते. महिन्यापूर्वी त्यांच्यातल्या एकाच्या यंत्राच्या हातानं त्या माणसाच्याच बहिणीला थोबाडीत मारली होती. तारेतला दोष समजून निरंजननं तार बदलून दिली होती. हे त्यानं दमयंतीला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही.

"तिसरं असं," तो शेवटी म्हणाला, "की तुझा राग इतरांसारखा नाही. तो फार मोठा आहे. सगळ्यांच्या मनात असं येत नाही, दमू."

"तुझ्या न्हाई येत?"

"नाही."

"कधीच?"

"माणसाला मारावं असं? नाही."

त्यानंतर तो तिच्यापासून जरा लांब झोपायला लागला. ती मागून आली की दचकायचा. एकदा तिला कांदा चिरायला सुरी सापडेना. सगळ्या सुऱ्या त्यानं वरच्या फडताळात, पिठाच्या डब्यामागं ठेवल्या होत्या. तिनं त्या काढल्या, एक घेतली, बाकीच्या परत तिथंच ठेवल्या. त्या संध्याकाळी ती फाउंड्रीच्या शेडमध्ये गेली आणि जुन्या ऐरणीवर घण मारत राहिली, हातावरच्या नव्या कातडीतून रक्त येईपर्यंत.

जिल्हाधिकाऱ्यांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली. निरंजननं समितीपुढं एक प्रस्ताव ठेवला. तीच गाडी, तेच हेल्मेट, चालवणारा मात्र तो स्वतः. यंत्र निर्दोष आहे हे तो दाखवून देईल. दमयंतीच्या वकिलानं हरकत घेतली, ती टिकली नाही. समितीच्या हुकमानं बाबालालनं गाडीचं नाक सरळ केलं. इंजिनाला काही झालंच नव्हतं.

सकाळी पठारावर ऊन चांगलंच चढलं होतं. समितीचे लोक छत्रीखाली बसले होते, इन्स्पेक्टर सुलभा माणगावे त्यांच्या बाजूला उभ्या होत्या. निरंजननं फेऱ्या मारल्या. सावध, गुळगुळीत, कुठं धक्का नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग दिसला.

"आता शेवटची चाचणी," त्यानं काच खाली करून समितीला सांगितलं. "पुढे एक गाडी ठेवतो. ती मला वाट देणार नाही, आडवी येईल, जसं त्या दिवशी झालं. मला राग येईलच. तरी काही होणार नाही, हे तुम्हाला दिसेल."

"पुढं कोण?" दमयंतीनं विचारलं.

"बाबालाल."

बाबालाल दुसऱ्या गाडीत बसत होता. त्याला ह्यातलं काही पटलेलं नव्हतं, पण निरंजननं हात जोडले म्हणून तो कबूल झाला होता.

दमयंती चालत जाऊन निरंजनच्या गाडीसमोर उभी राहिली. तिच्या मागं ट्रॅकच्या कडेची काँक्रीटची भिंत होती. तिनं दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. खाली इंजिन गुरगुरत होतं.

"उतर," ती म्हणाली.

"दमू, बाजूला हो."

"बाबालालला तीन पोरं हायत. उतर."

"मी तुझ्यासाठी करतोय हे."

"माझ्यासाठी? यंत्र खरं ठरलं की मी खुनी ठरणार, हे तुला ठाऊक न्हाई?"

समितीचे लोक छत्रीखालून उठून बघत होते. निरंजनचे कान लाल झाले. "सगळे ऐकतायत. घरी बोलू."

"घरी?" तिचा आवाज चढला. "घरी तू सुऱ्या लपवतोस! ऐका सायेब, हा माणूस बायकोच्या भीतीनं पिठाच्या डब्यामागं सुऱ्या लपवतो, आणि तुम्हाला सांगतो की ह्याच्या मनात कधी काही येत न्हाई. निरंजन, तुझ्याइतका भित्रा..."

भाता किंचाळला.

निरंजनचे दोन्ही पाय पेडलांपासून लांब होते. हे नंतर सगळ्यांनी सांगितलं, दाराच्या उघड्या काचेतून ते दिसत होते. मागची चाकं धुराच्या ढगात फिरली आणि गाडीनं झेप घेतली. दमयंती बॉनेटवर आडवी झाली, आणि बॉनेट, ती आणि भिंत हे सगळं एका आवाजात एकत्र आलं. ओलं लाकूड मोडावं तसा तो आवाज होता.

थ्रॉटल लगेच मिटलं. राग तेवढाच होता.

निरंजननं हेल्मेट उपटून फेकलं. काचेपलीकडं दमयंतीचा चेहरा होता, अगदी जवळ, डोळे उघडे. बॉनेटवरून रक्त वायपरच्या खाचेत उतरत होतं. बाबालालनं गाडी मागं ढकलली, तशी ती भिंतीवरून घसरली. तिची डावी मांडी नको तिथं वाकली होती आणि कातडीतून हाड वर आलं होतं. निरंजन तिच्यापाशी गुडघ्यावर बसला आणि आपल्याच गालांवर मुठी मारत राहिला. शेवटी इन्स्पेक्टर माणगावेंनी त्याचे हात मागं वळवून बेड्या घातल्या.

दमयंतीचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. तिला बोलता यायला लागलं तेव्हा माणगावे खाटेपाशी आल्या. "तुमच्या मिस्टरांनी गाडी मुद्दाम घातली का? तुमचा जबाब महत्त्वाचा आहे. साक्षीदारांनी भांडण ऐकलंय."

"कुठं हाय तो?"

"खाली. कोर्टातून इकडे आणलाय, तुम्हाला भेटायची परवानगी मागतोय. आणि वर यायला घाबरतोय."

"आणा त्याला."

तो दारातच थांबला. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काच फुटलेली. चादरीखाली पाय नव्हता तिथं तो बघत नव्हता, आणि त्याला दुसरीकडं कुठं बघताही येत नव्हतं.

"जवळ ये," दमयंती म्हणाली. "सांग. काय आलं होतं मनात?"

"दमू, मला..."

"सांग. ह्यांच्यासमोर सांग."

"चिरडून टाकावी. बोलणं बंद व्हावं. एवढंच आलं. आणि लगेच गेलं, दमू. खरंच लगेच गेलं. पण तोवर..."

तो खाटेची कड धरून खाली बसला. दमयंतीनं हात लांबवून त्याच्या केसांवर ठेवला. जळालेली, आखडलेली बोटं होती ती.

"लिवा, मॅडम," ती माणगावेंना म्हणाली. "ह्यानं केलं न्हाई. ह्याच्या मनात आलं. केलं नसतं."

माणगावेंनी लिहून घेतलं. "मग तुमच्या बाबतीतही हेच लागू होतं. खर्डेकर प्रकरणात तुम्ही सुटाल."

दमयंतीनं निरंजनच्या केसांवरचा हात काढून घेतला. सलाईनचे थेंब पडत होते.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्याला ठाऊक नव्हतं स्वतःच्या मनात काय असतंय ते. मला होतं. रणधीरच्या तोंडावर पाना मारावा असं मला त्याआधीच वाटलं होतं, आणि मी तो खाली ठेवला होता. थांबायला किती लागतंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मीच ह्याला सांगितलं, थ्रॉटल जोड म्हणून. पाय मधे येतोय म्हणून. ते लिवा."

"तुम्हाला शिक्षा होईल."

"आप्पासायबांना काहीतरी मिळायला पायजे."

शिक्षा झाली. दीड वर्षं. निरंजनवरचा गुन्हा टिकला नाही. त्याच्या कबुलीनंतर समितीनं विचाराला थेट कृतीशी जोडणाऱ्या सगळ्या यंत्रांवर बंधन आणलं: मधे क्षणभर थांबायला जागा ठेवायचीच. मिरजेच्या हातांत निरंजननं ती स्वतः बसवली. हात मंद झाले. भाकरी थापणारी बाई त्याच्यावर चिडली, हा हात आता परक्याचा वाटतो म्हणाली. थोबाडीत खाल्लेल्या त्या बहिणीकडं तो स्वतः गेला, आणि तार बदलून दिल्याची हकिकत तिला सांगितली. आप्पासाहेब निकालाच्या दिवशी कोर्टात आले होते. ते दमयंतीशी बोलले नाहीत, पण ती कुबड्यांवर बाहेर पडत असताना गर्दी मागं सारून त्यांनी तिला वाट करून दिली.

निरंजन दर पंधरवड्याला तुरुंगात भेटायला यायचा. जाळीच्या अलीकडं तो, पलीकडं ती. थंडीच्या दिवसांत एकदा तो कागद घेऊन आला. वरच्या कोर्टात अपील करायचं होतं, मुदत संपत आली होती, फक्त तिची सही हवी होती.

"मी सही करत न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"सांगितलं की एकदा."

"तू इथे रोज कण्हत झोपतेस. जखमेत पू झालाय, डॉक्टरांनी मला सांगितलं. कुणासाठी हे? त्या रणधीरसाठी? तो तुला चुचकारत होता!"

"निरंजन, आवाज कमी कर."

"नाही करत!" त्यानं कागद चुरगाळून फेकला. बाकीचे भेटायला आलेले लोक वळून बघायला लागले. पहारेकरीण पुढं सरकली. "बारा वर्षं तुझं ऐकलं. थ्रॉटल जोड म्हणालीस, जोडलं. आता तुझ्या हट्टापायी इथे मरतेस आणि मी बाहेर बसून..."

त्याची मूठ वर गेली. जाळीपलीकडं बरोबर तिचा चेहरा होता. ती मागं सरकली नाही. मूठ जाळीपाशी आली आणि तिथंच राहिली. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. त्यानं मुठीकडं असं बघितलं जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे, आणि एकेक बोट करत ती उघडली.

दमयंतीनं जाळीच्या भोकातून दोन बोटं बाहेर काढून त्याच्या तळव्याला लावली. तळवा घामानं ओला होता.

"थांबलास," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. धाप लागल्यासारखा. "पण आलं होतं."

"मला दिसलं. बस आता खाली. काय जेवलास सकाळी?"